कंबर दाबून पाहिलेल्या दोन सायकली

सदाशिवराव भोयर बैल पाहायला लागले की आधी चप्पल काढून ठेवत. देवळापुढे ते कधी एवढ्या भक्तीने चप्पल काढत नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, मैनाबाईंचं मत होतं. मग बैलाभोवती एक चक्कर, खुरांकडे नजर, दात, वशिंड आणि सगळ्यात शेवटी मूठ वळून कंबरेवर दाब. कंबर दबली की बैल बाद. नाही दबली, तर सदाशिवराव एकदाच मान हलवत, मैनाबाई हळदीची वाटी घेऊन पुढे येत आणि बैलाच्या कपाळावर पिवळं बोट उमटे. त्यानंतर त्या बैलाविषयी कुणी चकार शब्द काढायचा नाही, ही रीत होती. चाळीस वर्षांत कुणी काढलाही नव्हता.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीमागच्या टेकड्या ओलांडल्या की सावळदरा लागतं. तिथून पार दिग्रसपर्यंतची माणसं बैल घ्यायच्या आधी सदाशिवरावांना बाजारात घेऊन जात. तरुणपणी त्यांनी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, गाजवल्या होत्या. दोन बैलांच्या मागे, हातभर रुंदीच्या छकड्यावर उभं राहून ते असे धावपट्टीवरून सुटत की बघणाऱ्या बायका डोळे मिटून घेत. मैनाबाईंनी मात्र उघडे ठेवले होते आणि त्याची शिक्षा आपण अजून भोगतो आहोत, असं त्या पाहुण्यांना सांगत.

पुढे कोर्टाने पट बंद केले. गावात लहान ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि सदाशिवरावांकडे विचारायला येणारी माणसंही. दोन हजार सतरा साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि अळीच्या मागोमाग पथकं आली. पथक शेतात उतरायचं, एक बोंड फोडायचं, आतली अळी पाहून हळहळायचं, चहा प्यायचं आणि जीपमध्ये बसायचं. आठवड्याला एक तरी यायचंच. गावातल्या चहापत्तीचा खप त्या वर्षी दुप्पट झाला, कापूस निम्मा. सदाशिवराव दर वेळी स्वच्छ धोतर नेसून बांधावर उभे राहत, पण एकाही पथकाने त्यांना काही विचारलं नाही. आपलं मत आता कुणाला नको, हे त्यांना अळीपेक्षाही जास्त कुरतडत होतं. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण त्या दिवसांत ते कोंबडीलासुद्धा उचलून वजनाचा अंदाज सांगत आणि खरंखोटं करायला शेजाऱ्याला तराजू आणायला लावत.

अशा वेळी डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांच्या दारात दोन सायकली आल्या.

त्या आणल्या मंदारने. हा यवतमाळच्या वकील घराण्यातला, वडील वकील, आजोबा वकील, आणि स्वतः लोहाऱ्यात छोटा कारखाना टाकून घराण्याला बट्टा लावलेला. त्याला डोंगरात सायकल चालवायचं वेड होतं. सुटीच्या दिवशी तो डोक्यावर भोपळ्यासारखं हेल्मेट चढवून टेकड्यांवर पडायला जायचा. पडायलाच, कारण चढायचा कमी. तिथेच त्याला सदाशिवरावांची नात प्रेरणा भेटली होती. बारावीतली पोरगी, रोज गावाहून टेकडी ओलांडून कॉलेजला जायची, तेही साध्या काळ्या सायकलवर, आणि मंदार ज्या उतारावर उतरून चालायचा तिथून ती दप्तरासकट सरळ खाली यायची.

जिल्ह्याच्या संघासाठी अठरा वर्षांखालच्या मुलींची निवड पुढच्या रविवारी त्याच टेकडीवर होणार होती. घ्यायच्या होत्या दोघी. मागल्या वर्षी अर्ध्या वाटेवर चेन उतरली आणि प्रेरणा राहून गेली. पुढल्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हा एकच रविवार. मंदारने त्यासाठी आपल्या दोन्ही सायकली आणून उभ्या केल्या, एक निळी आणि एक लाल. दोन्हींना पुढे शॉकअप, मागेही शॉकअप.

"आठवडाभर दोन्ही चालव," मंदार म्हणाला. "तुला हवी ती तू घे. उरलेली मी मोठ्यांच्या गटात चालवीन."

प्रेरणाने दोन दिवस दोन्ही चालवून पाहिल्या. मग सोमवारी संध्याकाळी तिने त्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि आजोबांना म्हणाली, "आबाजी, कोणती घेऊ? तुमी सांगा."

खरं तर तिने निम्मं गमतीत विचारलं होतं आणि निम्मं त्यांचा उतरलेला चेहरा पाहून. पण सदाशिवरावांनी चप्पल काढली.

दहा मिनिटांत अंगण भरलं. पथकांच्या नादाला लागून माणसांना पाहणी बघायची सवयच झाली होती. मंदारही कारखान्यातून येऊन उभा राहिला. तांड्यावरचा लालसिंगही आला. लालसिंग बैलांचा दलाल, सदाशिवरावांचा तीस वर्षांचा प्रतिस्पर्धी आणि तेवढ्याच वर्षांचा दोस्त. सदाशिवरावांनी दोन्ही सायकलींभोवती चक्कर मारली. चाकं पाहिली. निळीची चाकं मोठी, अंगाने लांब, उभी राहण्यात एक डौल. लाल थोडी बुटकी आणि आखूड. दात पाहायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी चेनवरून बोट फिरवलं. शेवटी मूठ वळून निळीच्या सीटवर दाब दिला. जराशी हलली. मग लालच्या सीटवर दाब दिला, तर ती चांगली चार बोटं खाली गेली.

"कंबर बसली," सदाशिवराव म्हणाले.

"आजोबा, ते तसंच असतं," मंदार पुढे आला. "माणूस बसला की मागचा शॉकअप थोडा खाली जायलाच हवा. म्हणजे खड्डा आला की चाक खाली उतरतं, जमीन सोडत नाही."

"तुमच्या कारखान्यात तसं असन," सदाशिवराव म्हणाले, आणि वकील घराण्यातला माणूस पहिल्यांदाच वाद अर्धा टाकून मागे सरकला.

लालसिंगने मात्र लालच्या सीटवर स्वतःचा हात दाबून पाहिला. "भाऊ, दबते खरं. पण हात काढला का लगेच उठते बी. पाहा ना."

"उठते तं उठते. दबली काहून, ते सांग."

सदाशिवरावांनी मंदारला त्याचा तो हातातला छोटा पंप आणायला लावला आणि निळीच्या मागच्या शॉकअपमध्ये आणखी हवा भरायला सांगितली. मंदार नको नको म्हणत भरत गेला. सीट दगडासारखी घट्ट झाली, मुठीखाली तसूभर हलेना, तेव्हा सदाशिवरावांनी मान हलवली. मैनाबाई हळदीची वाटी घेऊन आल्या. सायकलला कपाळ कुठे असतं यावर थोडा खल झाला आणि मग हँडलच्या मधोमध पिवळं बोट उमटलं. प्रेरणाने एकदा लालकडे पाहिलं आणि निळी हातात घेतली. सदाशिवराव त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

मंगळवारी प्रेरणा टेकडीवरून आली तेव्हा तिचा गुडघा सोलला होता. "ब्रेक उशिरा लावला," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

बुधवारी तळहात सोलला. तेव्हाही तिचंच चुकलं होतं. गुरुवारी कोपरापासून मनगटापर्यंत लाल रेघ होती आणि मैनाबाई हळद घेऊन बसल्या, या वेळी नातीच्या हाताला लावायला. "कुठं पडतं ग रोज?" त्यांनी विचारलं.

"नाल्यात. त्या गोट्याईवर. मीच नीट धरत नाई."

सदाशिवराव ओसरीवर बसून ऐकत होते. पटात एकच जोडी एकाच जागी तीनदा अडखळली, तर ते धुरकऱ्याला, म्हणजे छकडा हाकणाऱ्याला, कधी शिव्या घालत नसत. ते बैलाचा पाय उचलून बघत. हे त्यांना आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

शुक्रवारी तांबडं फुटायच्या आत सदाशिवरावांनी धोतराचा काचा घट्ट मारला, मैनाबाईंना फिरून येतो म्हणून सांगितलं आणि निळी सायकल ढकलत टेकडीवर नेली. वय अडुसष्ट. दहा वर्षांपूर्वीपर्यंत ते काळ्या सायकलवर बाजाराला जात, तेवढ्याच भांडवलावर त्यांनी टांग मारली. आधी चढावर चालवून पाहिली. एक गोष्ट मान्य करायला हवी, चढावर निळी खरंच चांगली होती. पायात जेवढा जोर होता तेवढा सगळा चाकात उतरत होता, मधे कुठे सांडत नव्हता. सदाशिवरावांची छाती दमाने भरली आणि अभिमानानेही. आपण उगाच शंका घेतली, असं म्हणत त्यांनी सायकल उताराला लावली.

सागाच्या झाडांतून वाट खाली येते, मुरुमावरून घसरत घसरत कोरड्या नाल्यात उतरते आणि नाल्यात नारळाएवढे गोल गोटे पसरलेले आहेत. पहिल्या गोट्यावर निळीचं मागचं चाक उडालं. दुसऱ्यावर ते जमिनीला लागलंच नाही. तिसऱ्या गोट्यावर सदाशिवरावांच्या तोंडातली वरची कवळी सुटली आणि हनुवटीवरून घरंगळत धोतरात येऊन पडली. चाकाखाली जमीन नसल्यामुळे ब्रेक लावून काही होत नव्हतं. नाल्यापलीकडे पळसाला वळसा घालून वाट काटकोनात वळते, तिथे निळीला वळायला बैलगाडीएवढी जागा लागली आणि तेवढी नव्हती. सदाशिवराव पळसाच्या बुंध्याला मिठी मारून थांबले. ते काही वेळ तसेच उभे राहिले, कारण सोडलं असतं तर बसले असते.

मग त्यांनी कवळी झटकून तोंडात बसवली, घरी जाऊन अंगणात अजून उभी असलेली लाल सायकल आणली आणि पुन्हा तीच टेकडी चढले. लाल चढावर प्रत्येक पायडलला डुलत होती, हो हो म्हणत असल्यासारखी, आणि निम्मा जोर त्या डुलण्यातच जात होता. सदाशिवराव खूश झाले. बघा, म्हटलं नव्हतं, असं ते सागाच्या झाडांना म्हणाले. पण उतार लागला आणि लाल खाली बसली, मुरुमाला चिकटली. नाल्यात मागचं चाक एकेका गोट्यावर चढत होतं, उतरत होतं, आणि वर सीटवर सदाशिवरावांना गोटे नुसते ऐकू येत होते. पळसापाशी त्यांनी वाटेकडे पाहिलं आणि सायकल त्या वाटेने गेली. वळल्यावर त्यांनी जीभ फिरवून पाहिलं. कवळी जागच्या जागी होती.

मागचं चाक दबत होतं म्हणून जमीन सोडत नव्हतं. मंदारने हेच सांगितलं होतं. लालसिंगने तर हात लावून दाखवलं होतं. आणि आपण पोरीच्या सायकलची कंबर हवा भरून ताठ केली होती, म्हणून पोरगी तीन दिवस आपटत होती. सदाशिवराव टेकडीच्या पायथ्याशी एका दगडावर बसले. त्यांना लाज वाटली आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

आता सरळ घरी येऊन सांगायचं, एवढंच काम होतं. पण हळद लावली होती. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी ते प्रेरणापाशी गेले आणि म्हणाले, "लाल बी तशी बरी हाय म्हणा."

"निळीच चांगली आहे आबाजी," ती पान्याने काहीतरी आवळत म्हणाली. "तुमी सांगतलं ना. मी बराबर चालवते, तुमी पाहा."

सदाशिवराव परत येऊन ओसरीवर बसले. दुपारी जेवले नाहीत. मैनाबाईंनी पोटाला हिंग लावून दिला. तोही त्यांनी मुकाट्याने लावून घेतला, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मुकाट्याने काही लावून घेतल्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मैनाबाई खऱ्या घाबरल्या.

रविवारी टेकडीवर सतरा मुली जमल्या होत्या. टेबल होतं, टेबलावर चुरगळलेला बॅनर, आणि बॅनरमागे स्वेटर घातलेले दोन पंच. सावळदऱ्याहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती, तांड्यावरून लालसिंग आला होता. मुलींची शर्यत आधी, मोठ्यांची नंतर, म्हणून मंदार लाल सायकल धरून बाजूला उभा होता. प्रेरणा निळीवर बसली होती. तिचा सोललेला हात फडक्याने बांधलेला होता आणि ती नाल्याच्या दिशेने बघत होती. सदाशिवरावांनी तिची नजर पाहिली. पटात बुजलेल्या बैलाची नजर त्यांना चांगली ओळखता येत असे. तेवढी एक पारख तरी शाबूत होती.

ते गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी चप्पल काढली. सदाशिवरावांनी धोतराचा सोगा धरला आणि निळीच्या हँडलवरची हळद पुसून टाकली. वाळलेली होती, दोनदा घासावी लागली.

"मी चुकलो," ते म्हणाले. "ही नाई. लाल घे."

मंदारने लाल सायकल आणून पुढे केली. प्रेरणा निळीवरून उतरली आणि हळूच म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. नाल्यात चालवली तेव्हाच समजलं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी हळद लावून राह्यले होते. सारं गाव पाहून राह्यलं होतं." ती लालचं हँडल धरून खाली बघत होती. "मले वाटलं, मी अजून जोरानं शिकली तं निळी बी जमन. तुमचं खरं होईन."

सदाशिवराव लालसिंगकडे वळले. लालसिंग हसत असेल, अशी त्यांची खात्री होती, आणि त्यांना ते चाललंही असतं. लालसिंग हसत नव्हता.

"लालसिंग, खरं सांग. याच्या आधी बी झालं हे?"

"राहू दे ना भाऊ. शर्यत हाय आता."

"सांग."

लालसिंगने मिशीवरून हात फिरवला. "झालं दोन-चारदा. पण लोकं सांभाळून घेत. तुमचा बैल कच्चा निघाला का मालक त्याले आपल्या ताटातली भाकर चारे, सरकी जास्त टाके, उभा करे. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून."

चाळीस वर्षं आपली नजर अचूक आहे, या भरवशावर ते मान वर करून बाजारातून फिरले होते, आणि त्या अचूकपणातला काही भाग दुसऱ्यांच्या ताटातून आला होता. आत कुठेतरी जोराचं दुखलं. आणि त्या दुखण्यातच त्यांना त्या सगळ्या माणसांबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांच्यातलं कोण कोण आलंय, ते गर्दीत शोधायला लागले.

पंचाने शिट्टी वाजवली. पाच मिनिटं उरली होती. प्रेरणा लालवर बसून दोनदा वरखाली झाली. मंदार छोटा पंप घेऊन शेजारी उकिडवा बसला. ही हवा मंदारच्या वजनाला भरलेली होती, आणि मंदार घराण्याच्या परंपरेप्रमाणे चांगला भरलेला होता.

"आबाजी, मागं हवा किती ठेवू?" प्रेरणाने सवयीने विचारलं.

सगळे सदाशिवरावांकडे बघायला लागले. त्यांची मूठही सवयीने वळली होती. ती त्यांनी उघडली.

"तुले काय वाटते?" ते म्हणाले.

प्रेरणाने त्यांच्याकडे पाहिलं, चेष्टा तर करत नाहीत ना म्हणून. मैनाबाईंनीही पाहिलं. हा प्रश्न त्यांनी लग्नापासून आजवर या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता, भाजीपुरतासुद्धा नाही.

"थोडी सोडते," प्रेरणा विचार करत म्हणाली. "माझं वजन कमी हाय. नाल्यात अजून बसली पाहिजे. चढावर डुलते, पण तिथं मी उभी राहून मारीन."

"मंग सोड."

तिने शॉकअपची टोपी काढली आणि बोटाच्या नखाने दोनदा हवा सोडली, फुस, फुस. सदाशिवराव सायकलचं हँडल धरून उभे राहिले, तिचं काम होईपर्यंत, पटात पोरं बैलांची वेसण धरून उभी राहतात तसे.

शिट्टी झाली. चढावर चार मुली तिच्या पुढे गेल्या आणि सावळदऱ्याच्या ट्रॅक्टरवरच्या माणसांनी टाचा उंचावल्या. मग वाट सागात शिरली आणि काही दिसेनासं झालं. सदाशिवरावांचे गुडघे शुक्रवारपासून बोलत होते, म्हणून ते खालीच बसून राहिले. लालसिंग नाल्यापलीकडे, शर्यत संपते तिथे जाऊन उभा राहिला होता. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला. तो नाल्यातून पळत येत होता, आणि सत्तरीच्या माणसाने गोट्यांवरून तसं पळू नये.

"दुसरी," तो धापा टाकत म्हणाला. "नाल्यात तिघींले मागं टाकलं. दुसरी आली, भाऊ."

टेबलाशी स्वेटरवाल्या पंचाने प्रेरणाचा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग पेन थांबवून विचारलं, "सायकलची तयारी कोणी करून दिली? इथे त्याचं नाव लागतं."

ट्रॅक्टरभर माणसांनी सदाशिवरावांकडे पाहिलं. त्यातल्या दोघा-तिघांनी त्यांचं नाव सांगायला तोंडही उघडलं होतं, पुन्हा एकदा सांभाळून घ्यायला.

"तिनंच केली," सदाशिवराव घाईघाईने म्हणाले. "तिचंच लिहा."